खाजगी विमानाची सफर : पाहुणचार कुणाचा आणि बिल कुणाचे?

कापडाच्या धंद्यात तीस वर्षे काढली. भिवंडीहून मालेगाव, इचलकरंजी, सुरत अशा फेऱ्या एस.टी.ने, रेल्वेने, टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसूनही केल्या. विमानाने दिल्ली-कोलकाताही झाले. पण खाजगी विमान, ज्याला लोक चार्टर म्हणतात, त्यात बसण्याचा योग २०२४ च्या डिसेंबरात पहिल्यांदा आला. त्या एका दिवसात मी चार चुका केल्या. तीन चुकांनी फजिती झाली आणि चौथीने संपूर्ण सौद्याचा नफा गेला. आपल्या व्यापारी व कारागीर बंधूंपैकी अनेकांना आता मोठे निर्यातदार, बिल्डर किंवा परदेशी ग्राहक असे बरोबर नेतात. म्हणून हा अनुभव आणि त्यानंतर चौकशी करून मिळवलेली माहिती क्रमाने मांडतो.

प्रसंग असा होता. एका निर्यातदाराकडे परदेशी ग्राहकाचे दोन प्रतिनिधी आले होते. त्यांना इचलकरंजीत माझे ग्रे कापड विणणारे यंत्रमाग पाहायचे होते आणि हाती एकच दिवस होता. रस्त्याने मुंबई-कोल्हापूर म्हणजे जाण्यातच सात-आठ तास. सोयीची फ्लाइट त्या दिवशी नव्हती. निर्यातदाराच्या मॅनेजरचा फोन आला, "भाई, गाडीचा त्रास कशाला? विमान सांगितले आहे, तुम्ही आमच्याबरोबर चला." मी खूश झालो. विचारायचे ते विचारले नाही.

पहिली चूक : चुकीच्या दारात

मॅनेजरने "सांताक्रूझ एअरपोर्ट, सकाळी पावणेसात" एवढेच सांगितले होते. मी नेहमीच्या सवयीने टर्मिनल एकला जाऊन उभा राहिलो. तिथल्या जवानाने माझा कागद पाहिला आणि म्हणाला, "हे विमान इथून सुटत नाही, कलिन्याला जा." खाजगी आणि चार्टर विमानांसाठी मुंबईत वेगळे जनरल एव्हिएशन टर्मिनल आहे. ते कलिन्याच्या बाजूला आठ नंबर गेटजवळ आहे. नकाशावर जवळ दिसते, पण मोटारीने वाकोल्याकडून वळसा घालून जावे लागते. सकाळची वेळ म्हणून मी वीस मिनिटांत पोहोचलो. संध्याकाळी एवढ्यात पोहोचलो नसतो.

प्रत्येक मोठ्या शहरात हे दार वेगळे असते. दिल्लीत असे स्वतंत्र टर्मिनल सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झाले. मुंबईतच हेलिकॉप्टर असेल तर बहुधा जुहूला जावे लागते. जुहूचा विमानतळ १९२८ सालचा आहे आणि १९३२ साली जे.आर.डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन तिथेच उतरले होते. तेव्हा निघण्याआधी तीन गोष्टी लिहून मागा: टर्मिनलचे आणि गेटचे नाव, विमानाचा व्हीटी अक्षरांनी सुरू होणारा नोंदणी क्रमांक आणि तिथे भेटणाऱ्या माणसाचा फोन. हा माणूस हँडलिंग एजंटचा असतो. विमान कंपनी आणि विमानतळ यांच्यामधला तो दुवा. गेटवर "अमुक शेठचे विमान" म्हणून कुणी ओळखत नाही, विमानाचा नंबर सांगितला की लगेच काम होते.

आतले दृश्य मात्र वेगळे होते. रांग नाही, गोंगाट नाही, सोफे, चहा, वर्तमानपत्रे. नेहमीच्या फ्लाइटला आपण दोन तास आधी जातो, इथे देशांतर्गत प्रवासाला पाऊण तास पुरतो. खाजगी टर्मिनलमध्ये आपण पैसे देऊन घेतो ती गोष्ट एवढीच: वेळ.

दुसरी चूक : नावाचे स्पेलिंग

हा मुद्दा आपल्या लोकांनी नीट वाचावा. चार्टर विमानाच्या प्रवाशांची यादी आधीच विमानतळाकडे जाते आणि गेटवर त्याच यादीवरून ओळखपत्र ताडून पाहिले जाते. यादीत माझे नाव मॅनेजरने मोबाइलमधल्या नोंदीवरून दिले होते. "मोहम्मद" ऐवजी एमडी अशी दोन इंग्रजी अक्षरे, वडिलांचे नाव गायब, आडनावाचे स्पेलिंग तिसरेच. आधार कार्डावर पूर्ण नाव. यादीतला माणूस मीच, हे जवानाला कसे पटावे? तो सभ्यपणे बोलला, पण आत सोडले नाही. एजंटने दुरुस्त यादी पाठवली, मग प्रवेश मिळाला. तोवर दोन परदेशी पाहुणे आणि निर्यातदार आत बसून माझी वाट पाहत होते. सौद्याच्या दिवशी ही सुरुवात बरी नव्हे.

आमच्या पिढीचे शिक्षण उर्दू शाळांत झाले. उर्दूतले नाव एकच, पण शाळेच्या दाखल्यावर, रेशन कार्डावर आणि पॅनवर कारकुनाने ऐकले तसे इंग्रजीत उतरवले. शेखचे तीन प्रकार, अन्सारीचे दोन, मोहम्मदचे तर विचारू नका. रेल्वेत हे खपून जाते, विमानात खपत नाही. उपाय सोपा आहे. ज्या ओळखपत्रावर प्रवास करणार त्याचा फोटो यादी करणाऱ्याला पाठवा आणि "यावरचेच नाव अक्षर न अक्षर टाका" असे लिहून कळवा. परत उलट टपाली यादीतले नाव मागवून स्वतः वाचा. तेच मूळ ओळखपत्र खिशात ठेवा.

तिसरी चूक : कात्री

माझा समज होता की खाजगी विमानाला तपासणी नसते. हा समज चित्रपटांतून येतो. तिथे मोटार थेट विमानाच्या पायरीशी लागते आणि शेठ चढतो. अमेरिकेत लहान चार्टर विमानांच्या प्रवाशांना बहुतेक वेळा यंत्रातून जावे लागत नाही, ही गोष्ट खरी. आपल्याकडे तसे नाही. माझी अंगझडती झाली, बॅग यंत्रातून गेली, सारे नेहमीच्या विमानतळासारखे. फक्त माणसे कमी म्हणून काम लवकर आटोपते. टर्मिनलपासून विमानापर्यंतही आपली मोटार जात नाही, त्यांची गाडी नेते.

माझ्या बॅगेत नमुन्याचे तुकडे, धागे मोजायची काच आणि कापड कापायची मोठी कात्री होती. कात्री अडली. मी म्हटले, "सामानात टाका." इथे एक बारीक गोष्ट कळली. मोठ्या विमानात सामान पोटात वेगळे जाते. अनेक लहान विमानांत सामानाची जागा केबिनच्या मागेच असते आणि प्रवासी बसल्या जागेवरून उठून तिथे पोहोचू शकतो. त्यामुळे "सामानात टाकतो" ही सबब तिथे चालेलच असे नाही. कात्री मी एजंटकडे ठेवली आणि इचलकरंजीत दुसऱ्याची मागून काम केले.

कारागीर बंधूंनी हे विशेष लक्षात ठेवावे. सुतार, चर्मकाम करणारे, पितळेवर नक्षी करणारे, शिलाई मास्तर यांची हत्यारे आदल्या दिवशी कुरियरने किंवा माणसाबरोबर पुढे पाठवावीत. रंगाच्या, थिनरच्या, पेरॉक्साइडच्या बाटल्या, लायटर, काडेपेटी घेऊच नये. ती ज्वलनशील वा घातक मालात मोडते आणि विमान खाजगी असल्याने सुरक्षित होत नाही. मोबाइलची पॉवर बँक मात्र सामानात न टाकता जवळच्या बॅगेत ठेवावी.

वजनाचेही तसेच. वैमानिकाने आम्हा प्रत्येकाचे वजन विचारले आणि कुणी कुठे बसायचे ते ठरवले. आमच्या एका सोबत्याला त्यात अपमान वाटला. खरे तर पाच-सात माणसांच्या विमानात माणूस आणि माल यांचा तोल साधावाच लागतो. वजन कमी सांगू नये. कापडाचे थान घेऊन जायचे असेल तर किती किलो आणि किती लांबीचे ते आधी कळवावे. दार अरुंद असते, पूर्ण रुंदीचा रोल आत वळतच नाही. मी नमुने एक-एक मीटरचे घड्या घालून नेले होते, तेवढे मात्र बरोबर केले.

आणखी दोन लहान गोष्टी. अनेक लहान विमानांत मोरीची सोय नसते किंवा नावापुरती पडद्याआड असते, म्हणून टर्मिनलवरच जाऊन यावे. खाणे आदल्या दिवशी सांगितल्यावरच येते. हलाल किंवा शाकाहारी जे हवे ते तेव्हाच स्पष्ट सांगावे, विमानात बसल्यावर विचारून उपयोग नाही.

वेळ कुणाच्या हातात?

"आपले विमान, आपण म्हणू तेव्हा सुटेल" हाही गैरसमज. मुंबईच्या धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी दोन्हींचा पुरा उपयोग होत नाही. गर्दीच्या वेळी खाजगी विमानांना बंदी असते आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये या बंदीचे तास आणखी वाढवले गेले. म्हणून आम्ही सकाळची गर्दी सुरू होण्यापूर्वी उडालो. पाऊण तासात कोल्हापूर आले.

कोल्हापूरला, म्हणजे उजळाईवाडीला, वेगळे खाजगी टर्मिनल नाही. नेहमीच्याच इमारतीतून बाहेर पडलो. लहान शहरांत बहुतेक ठिकाणी असेच असते. सोफा-चहाची अपेक्षा ठेवू नये. पुण्याचे लोहगाव तर वायुदलाचे ठाणे आहे, तिथे फोटो काढण्याचा मोह टाळावा. एकंदरीत कुठल्याच विमानतळाच्या मैदानात विचारल्याशिवाय मोबाइल वर करू नये.

इचलकरंजी तिथून तीसेक किलोमीटर. यंत्रमाग पाहिले, बीम पाहिले, नमुने मोजले. पाहुणे समाधानी होते. दर आणि उधारीची मुदत यावर खरे बोलणे जेवणानंतर सुरू झाले. एवढ्यात वैमानिकाचा निरोप आला: मुंबईची संध्याकाळची गर्दी सुरू होण्याआधी पोहोचायचे असेल तर साडेतीनला उडावे लागेल, नाहीतर रात्रीपर्यंत थांबावे लागेल. थांबल्याचे भाडे वेगळे. शिवाय वैमानिकांच्या कामाच्या तासांना कायद्याची मर्यादा आहे आणि लहान विमानतळ ठरलेल्या वेळेनंतर उघडा ठेवायचा तर त्याचेही पैसे पडतात. निर्यातदार उठला. उधारीची मुदत अर्धी बोलायची राहिली, ती पुढे फोनवर त्याच्या सोयीने ठरली.

धडा असा की खाजगी विमानाने गेलात तर महत्त्वाचे बोलणे जेवणाआधी उरका. आणि वैमानिकाने "आता निघू" किंवा "हवा ठीक नाही, निघू नये" म्हटले तर त्याच्यावर दडपण आणू नका, पैसे कुणीही मोजलेले असोत. १४ सप्टेंबर २०२३ रोजी विशाखापट्टणमहून आलेले एक लहान जेट मुंबईत जोराच्या पावसात उतरताना धावपट्टीवरून घसरले आणि मोडले. आतले आठही जण वाचले हे नशीब. एखादा सौदा एका दिवसाने लांबला म्हणून कुणी बुडत नाही.

चौथी चूक : बिल कुणाचे?

महिन्याभराने माझ्या मालाचे पैसे आले. चाळीस हजार मीटर ग्रे कापड, मीटरमागे पावणेदोन रुपये सुटत होते, म्हणजे सत्तर हजार रुपये नफा. बिलातून अडुसष्ट हजार वजा. विचारले तर उत्तर मिळाले, "विमानाचा पाचवा हिस्सा. पाच जण होतो ना?" मी म्हटले, तुम्ही बोलावले, मी पाहुणा होतो. ते म्हणाले, माल तुमचा दाखवायला गेलो होतो. लेखी काहीच नव्हते. पुढची ऑर्डर हवी होती, मी गप्प बसलो. रात्रीची महालक्ष्मी पकडून आदल्या दिवशी गेलो असतो तर खर्च हजार-दोन हजारांत आटोपला असता आणि सकाळी मीच त्यांना उजळाईवाडीला घ्यायला उभा असतो.

मी वाईट मानले, पण चूक माझीही होती. आपण सुताच्या प्रत्येक किलोचा दर विचारतो, सायझिंगचा विचारतो, हमालीचा विचारतो. विमानाचा विचारायला मात्र लाजतो, कारण तो मान वाटतो. मान आणि हिशेब वेगळे ठेवावेत. फोन आला तेव्हाच "मेहरबानी, पण खर्च कुणाकडे?" एवढे विचारून उत्तर मेसेजवर घेतले असते तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

स्वतः चार्टर घ्यायची पाळी आली तर हिशेब कसा बसतो, तेही पाहा. भाडे तासावर असते, पण आपण बसलो तेवढ्याच वेळाचे नसते. विमान दुसऱ्या गावाहून रिकामे येत असेल तर त्या फेरीचे, आपल्याला सोडून रिकामे परत जात असेल तर त्याही फेरीचे पैसे लागतात. दिवसाला किमान दोन तासांचे भाडे आकारण्याची पद्धत सर्रास आहे. समजा, ताशी दर सव्वा लाख आहे आणि जाऊन-येऊन उड्डाण एक तास चाळीस मिनिटांचे आहे. तरी बिल दोन तासांचे, म्हणजे अडीच लाख. त्यावर विमान उतरवण्याचे, उभे करण्याचे, हँडलिंगचे, थांबण्याचे, मुक्काम पडला तर वैमानिकांच्या हॉटेलचे. आणि शेवटी सगळ्यावर कर. म्हणून कोटेशन "सर्व खर्चासह" मागावे, रद्द केल्यास किती कापणार ते विचारावे. विमान परत रिकामे जाणार असेल तर ती फेरी स्वस्तात मिळते, पण मूळ ग्राहकाने बेत बदलला की आपलीही फेरी रद्द होते. लग्न किंवा कोर्टाची तारीख तिच्या भरवशावर ठेवू नये.

परवाना पाहा, रोख देऊ नका

यापेक्षा गंभीर गोष्ट पुढची. आपल्या देशात भाडे घेऊन प्रवासी नेण्यासाठी विमान कंपनीकडे नागरी विमान महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा, परवाना लागतो. नॉन-शेड्यूल्ड ऑपरेटर परमिट असे त्याचे नाव आहे. एखाद्या कारखानदाराने स्वतःच्या वापरासाठी घेतलेले, खाजगी वर्गात नोंदलेले विमान भाड्याने देता येत नाही. हे म्हणजे पांढऱ्या पाटीच्या मोटारीने टॅक्सी चालवण्यासारखे झाले. असे कुणी "फक्त इंधनाचे द्या, पावती नको" म्हणाले तर हात जोडून नकार द्यावा. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते आणि घरच्यांना दाद मागणे अवघड होते. परवान्याची प्रत मागा, त्यात आपल्या विमानाचा नंबर आहे का पाहा, विम्याचा कागद पाहा. चांगली कंपनी राग मानत नाही.

पैसे बँकेतून द्यावेत. २०१७ पासून एका व्यक्तीकडून एका दिवसात दोन लाख रुपये किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला कायद्याने मनाई आहे, तेव्हा चार्टरचे बिल रोखीने होऊच शकत नाही. वसुलीची रोकड घेऊन विमानाने येणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे की देशातल्या प्रवासात रोकड बाळगण्याला ठरावीक मर्यादा नसली, तरी ती कुठून आली हे विचारले जाते. खाजगी टर्मिनलमध्ये माणसे कमी, त्यामुळे जड बॅग अधिकच डोळ्यात भरते. बिले आणि खातेवहीचा उतारा जवळ असावा.

परदेशी जायचे असेल तर पासपोर्ट, व्हिसा, इमिग्रेशन, कस्टम्स सगळे जसेच्या तसे लागू आहे. सोन्याचा नियमही तोच. देशाबाहेर जाताना भारतीय चलन पंचवीस हजारांपर्यंतच नेता येते. परत येताना परकीय नोटा पाच हजार डॉलरपेक्षा जास्त किंवा नोटा व इतर मिळून दहा हजार डॉलरपेक्षा जास्त असतील तर जाहीर कराव्या लागतात. दुबईला खाजगी विमानांचे मोठे व्हीआयपी टर्मिनल अल मक्तूम विमानतळावर आहे. तो जेबेल अलीच्या बाजूला आहे, देरा आणि बर दुबईच्या कापड बाजारापासून बराच लांब. वाचवलेला वेळ मग टॅक्सीत जातो.

मग जावे की न जावे?

जावे, पण हिशेबाने. पाच-सहा जणांना एका दिवसात अडगावी जाऊन यायचे असेल, रुग्णाला हलवायचे असेल, मोठ्या ग्राहकाकडे एकच दिवस असेल, तर खाजगी विमान उपयोगी आहे. एकट्यादुकट्या व्यापाऱ्याला रेल्वे आणि साधी फ्लाइट पुरे. बोलावणे आले तर घरून निघण्यापूर्वी एवढे तपासून घ्या:

१. टर्मिनल, गेट, विमानाचा नंबर आणि एजंटचा फोन लेखी आहे का?

२. यादीतले नाव आणि खिशातले ओळखपत्र अक्षर न अक्षर जुळते का?

३. बॅगेत कात्री, हत्यार, रसायन, लायटर राहिले नाही ना?

४. परत निघायची वेळ किती, आणि त्याआधी सौद्याचे बोलणे संपेल का?

५. विमानाला भाड्याचा परवाना आहे का?

६. खर्च कुणाचा, हे मेसेजवर आले का?

माझी कात्री एजंटने संध्याकाळी परत दिली. अडुसष्ट हजार परत आले नाहीत. पुढच्या खेपेला त्याच मॅनेजरचा पुन्हा फोन आला, "भाई, विमान सांगितले आहे." मी म्हणालो, "शुक्रिया, आधी मेसेज पाठवा." मेसेज आला: खर्च कंपनीचा. मग गेलो.